आमच्या बागेचं माहेर

सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी लहानाची मोठी झाले असं म्हटलं तरी चालेल. आजी मला संध्याकाळी तिथे न्यायची. तळ्यातले रंगीत मासे, छोटी टेकडी, पाण्यावरून वळणं घेत जाणारा फळ्यांचा पूल. त्या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधलं शहर आहे आणि आपली बाग तिथल्या कोराकुएन बागेवरून केली आहे, हे मला आजीनेच सांगितलं होतं. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत माझी निवड झाली आणि यादीत माझ्यापुढे 'ओकायामा' लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेले ते तिलाच सांगायला. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या बागेच्या माहेरी चाललीस की!"

एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला जपानमध्ये सुट्ट्या लागोपाठ येतात. त्या दिवसांना तिथे 'गोल्डन वीक' म्हणतात. ते दिवस मी ओकायामातल्या एका घरी राहिले. रोज रात्री वहीत लिहीत होते, त्यातलंच हे.

२७ एप्रिल

ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा. घरात चौघं आहेत. ओतोसान म्हणजे बाबा, ओकासान म्हणजे आई, ओबाआसान म्हणजे आजी (ओतोसानची आई), आणि सातवीतली मुलगी. तिने मला पहिल्याच मिनिटाला 'ओनेसान', म्हणजे ताई, म्हणून टाकलं. मी घरात धाकटी, मला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं.

दारातून आत गेलं की एक खोलगट जागा असते, गेनकान. तिथे बूट काढायचे, त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची, मग एक पायरी चढून घरात. शिरताना 'तादाइमा', म्हणजे 'आत्ता आले', आणि आतून उत्तर येतं 'ओकाएरी'. बाहेर पडताना म्हणायचं 'इत्तेकिमास'. हे आमच्या बाईंनी पुण्यात वर्गात शिकवलं होतं, पण त्याची फोड आज इथे कानांवर पडली तेव्हा कळली. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येते. जाऊन येते! नुसतं 'जाते' म्हटलं की आजी आमच्याकडे जेवढी रागावते, तेवढंच इथेही ते विचित्र वाटेल. घरातून उत्तर मिळतं 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रमही आपलाच, आणि वाक्याच्या शेवटी ही माणसं 'ने' जोडतात तो आपल्या 'ना'सारखा. ओइशी देस ने. चविष्ट आहे ना.

जेवताना एक गोष्ट घडली. मी शाकाहारी आहे हे फॉर्मवर लिहिलं होतं. ओकासाननी भाज्यांचा तेंपुरा, तोफू, भात आणि मिसो सूप केलं होतं. अर्धा वाडगा सूप पिऊन झालं आणि त्या एकदम थांबल्या. सुपाचं पाणी, म्हणजे दाशी, सुकवलेल्या माशांचं होतं. त्यांच्यासाठी ते पाण्याइतकं रोजचं, त्यामुळे ते मासे आहेत हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मला सुचेल त्या जपानीत मी 'दाइजोबु, दाइजोबु' म्हणत राहिले. काही हरकत नाही. खरंच नव्हती. सकाळी उठले तेव्हा ओट्यावर एका भांड्यात कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी आणि वाळवलेले शिताके मशरूम भिजत पडले होते. ओबाआसान म्हणाल्या, बुद्धमंदिरातल्या जेवणाची दाशी अशीच असते, आता दहा दिवस आम्ही सगळेच ही पिणार. आणि प्यायले.

२८ एप्रिल, कोराकुएन

ट्रामने गेलो. शिरोशिता थांब्यावर उतरून आसाही नदीपर्यंत चालत, मग पूल. ओबाआसान काठी घेऊन माझ्यापेक्षा भराभर चालत होत्या.

इकेदा त्सुनामासा या इथल्या दाइम्योने, म्हणजे प्रांताच्या सरदाराने, १६८७ मध्ये बागेचं काम सुरू केलं. तेव्हा आपल्याकडे संभाजी महाराज गादीवर होते. बाग पुरी झाली १७०० मध्ये. कानाझावाची केनरोकुएन, मितोची काइराकुएन आणि ही, अशा जपानच्या तीन मोठ्या बागा मानतात. 'कोराकुएन' हे नाव मात्र १८७१ मधलं. त्यामागे एक जुनं चिनी वचन आहे: राज्य करणाऱ्याने लोकांच्या आधी काळजी करावी आणि लोकांच्या नंतर सुख भोगावं. 'कोराकु' म्हणजे ते नंतरचं सुख.

फाटकातून आत शिरताना मला वाटत होतं, सगळं ओळखीचं असणार. पहिली दहा मिनिटं मी ओळखच शोधत होते. हा आपला पूल, ही आपली टेकडी, हे आपलं तळं. पण हिरवळ संपेचना. आपली बाग दहा एकर, ही तेहतीस. ओबाआसाननी मला थांबवलं आणि ओढ्याकाठी बसवलं. र्युतेन नावाची एक उघडी इमारत आहे, तिच्या मधून पाण्याचा पाट वाहतो, त्यात मोठमोठे रंगीत दगड. दोन्ही बाजूंना फळ्यांवर बसून पाण्याकडे बघायचं. बाकी काहीच करायचं नाही. आम्ही अर्धा तास बसलो. पाटाच्या पाण्याचा आवाज दगडागणिक वेगळा येतो, हे पंधराएक मिनिटांनंतर मला ऐकू यायला लागलं.

बागेत चहाचा मळा आहे, भाताची खाचरं आहेत. राजाची बाग आणि तिच्यात भातशेती, हे मला फार आवडलं. वळणावळणाच्या फळ्यांच्या पुलापाशी हिरव्यागार तलवारीसारखी पानं वर आली होती. "हानाशोबु," ओबाआसान म्हणाल्या, "फुलं जूनमध्ये येतात." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली. तेव्हा मी इथे नसणार होते. पाचव्या तारखेला दुसरा शोबु दाखवेन, असं काहीतरी त्या म्हणाल्या. ते मला तेव्हा कळलं नाही.

युइशिनझान टेकडीवर चढलो. ती जेमतेम सहा मीटर उंच आहे, पण तिथून अख्खी बाग दिसते आणि झाडांच्या मागे, नदीपलीकडे, ओकायामाचा काळा किल्ला. किल्ला बागेत नाहीच, तरी तो दिसावा अशा बेताने झाडं लावली आहेत. बाहेरचा डोंगर किंवा किल्ला असा बागेच्या देखाव्यात धरायचा, याला 'शाक्केई' म्हणतात. शब्दशः, उसनं दृश्य. मी लगेच फोनमधला जुना फोटो काढून दाखवला. पुण्याच्या बागेत मी, सहा वर्षांची, आणि मागे पर्वतीची टेकडी. ओबाआसाननी फोटो मोठा करून माझ्याकडे नाही, पर्वतीकडे पाहिलं. "शाक्केई," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या टेकडीकडे मी बागेतलं काही म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

त्सुकिमी पूल ओलांडून किल्ल्याकडे गेलो. किल्ला १५९७ मधला, काळ्या फळ्यांमुळे त्याला 'उजो', कावळ्यांचा किल्ला म्हणतात. पण आज उभा आहे तो १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला. पुलाच्या मध्यावर ओबाआसान थांबल्या आणि नदीकडे बघत बोलू लागल्या. ओनेसानला समजेल असं सांग, म्हणून धाकटी मध्येमध्ये फोनवर भाषांतर करून दाखवत होती. २९ जून १९४५. ओबाआसान पाच वर्षांच्या. पहाटेच्या अंधारात बॉम्ब पडायला लागले तरी धोक्याचा भोंगा वाजलाच नव्हता. आईने त्यांना पाठीशी बांधून नदीकडे पळ काढला. कुठल्या बाजूला, ते त्यांनी काठीने दाखवलं. त्या रात्री शहरात सतराशेहून अधिक माणसं गेली. किल्ला जळाला. "काळा किल्ला लाल झाला होता," एवढं वाक्य मला भाषांतराशिवाय समजलं, कारण काळा, लाल आणि किल्ला हे तिन्ही शब्द मला येत होते.

हिरोशिमाबद्दल आम्ही शाळेत शिकतो. ओकायामाबद्दल मी कधी काही वाचलं नव्हतं. अशी जळालेली शहरं जपानमध्ये कितीतरी आहेत, ओतोसान रात्री म्हणाले.

युद्धानंतर बागेत क्रौंच उरले नाहीत. १९५६ मध्ये ग्वो मोरुओ या चिनी साहित्यिकांनी दोन क्रौंच भेट पाठवले. तरुणपणी ते ओकायामात शिकायला होते. डोक्यावर लाल टिकली असलेले ते पक्षी आजही बागेत पाळतात. शिकायला आलेल्या एका परक्या मुलाने पुढे शहराला पक्षी परत दिले, ही गोष्ट मी वहीत चौकट करून लिहून ठेवली.

२९ एप्रिल, किबिजी

आज मोठी सायकल सहल. बिझेन-इचिनोमिया स्टेशनजवळ सायकली भाड्याने घ्यायच्या, शेतांमधल्या रस्त्याने जायचं आणि सोजा स्टेशनवर सोडून द्यायच्या. मी, धाकटी आणि ओतोसान सायकलवर. ओकासान आणि ओबाआसान रेल्वेने किबित्सुला. त्या रेल्वेमार्गाचं नावच मोमोतारो लाइन आहे. पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो कुत्रा, माकड आणि किजी (फेझंट) पक्ष्याला घेऊन राक्षसांवर चालून जातो, ही गोष्ट जपानमधलं प्रत्येक मूल ऐकतं. तिचं मूळ इथल्या दंतकथेत आहे असं ओकायामाचे लोक मानतात. किबित्सुहिको नावाच्या राजपुत्राने उरा नावाच्या राक्षसाला मारलं, ती ही दंतकथा.

किबित्सु देवस्थान त्या राजपुत्राचं. मुख्य इमारत १४२५ मधली. तिच्याजवळून एक लाकडी छपराचा लांबच लांब मार्ग उतरत जातो, जमिनीचा चढउतार जसाच्या तसा ठेवून, त्यामुळे वरून पाहिलं तर छप्पर लाट उठल्यासारखं दिसतं. त्या मार्गाने आम्ही ओकामादेनपाशी पोचलो. ही चुलीची इमारत, धुराने आतून पूर्ण काळी.

उराचं डोकं तोडल्यावरही ते तेरा वर्षं ओरडत राहिलं, अशी कथा आहे. शेवटी ते या चुलीखाली पुरलं. मग उरा राजपुत्राच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला इथे चूल पेटवायला सांग, मी शुभ-अशुभ सांगत जाईन. तेव्हापासून इथे हंड्याचा कौल घेतात. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसाच. आधी देवळात प्रार्थना करायची, मनातलं विचारायचं, मग इथे येऊन बसायचं. पुजारी मंत्र म्हणतात. त्यांच्या समोर चुलीपलीकडे एक बाई, आसोमे. उराची बायको ज्या गावची, त्या आसोच्या बायकांचं हे काम. हंड्यात पाणी उकळत असतं, वर वाफेचं लाकडी भांडं. त्यात ती तांदूळ घालून हलवते.

मी ठरवून गेले होते, दहावीच्या निकालाबद्दल विचारायचं. ऐनवेळी वेगळंच विचारलं. घरी सगळ्यांनी धरलंय की मी अकरावीला सायन्स घेणार. मला भाषा शिकायच्या आहेत, आर्ट्स घ्यायचंय, आणि हे मी कुणालाच बोलले नव्हते.

आधी काहीच नाही. नुसती वाफ. मग खालून, जमिनीतून आल्यासारखा घुमणारा आवाज सुरू झाला. शंख फुंकल्यासारखा नाही, त्याहून खोल. छातीत जाणवत होता. वाढत गेला, टिकून राहिला आणि हळूहळू विरला. मी पुजाऱ्यांकडे पाहिलं. ते वाकून नमस्कार करून उठले. ओबाआसाननी सांगितलं, आवाज चांगला की वाईट हे इथे कुणीच सांगत नाही. ज्याने विचारलं त्याने ऐकून ठरवायचं. मला त्या आवाजाने आनंद झाला होता. नुसता आनंद नाही, सुटल्यासारखं वाटलं होतं. रात्री बाबांना मेसेज केला, सगळं सविस्तर. त्यांचं उत्तर आलं: "घरी आलीस की निवांत बोलू." त्यांनी रागाचं काही लिहिलं नव्हतं.

देवस्थानापासून पुढचा रस्ता मी गाणी म्हणत कापला. शेतांमध्ये रेंगे नावाची गुलाबी रानफुलं पसरलेली. भात लावण्याआधी जमिनीला खत म्हणून ती वाढवतात आणि मग नांगरून टाकतात, आपल्या ताग-धैंच्यासारखी. त्या गुलाबी पट्ट्याच्या मागे बित्चु कोकुबुंजी या बौद्ध मंदिराचा पाच मजली पागोडा. एवढ्या मोकळ्या जागेत एकटा उभा. तिथे बसून आम्ही ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले. माझ्यातलं सारण उमेबोशीचं, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचं. आवळ्याच्या लोणच्याची आठवण झाली.

३० एप्रिल ते २ मे

तीन दिवस शाळा. सुट्ट्यांमधले हे कामाचे दिवस. तास संपल्यावर वर्ग मुलंच झाडतात, फरशी पुसतात. मीही पुसली. १ मेला महाराष्ट्र दिन म्हणून संध्याकाळी मी कांदेपोहे केले. पोहे, मोहरी, हळद आणि शेंगदाणे पुण्याहून आणले होते, कढीपत्ता वाळवून. ओबाआसाननी पोह्याचा एक दाणा बोटावर घेऊन नीट निरखला. तांदूळ इतका सपाट करता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मामाकारी." ओकायामात एका लहान माशाचं हे नाव आहे. 'मामा' म्हणजे भात, 'कारी' म्हणजे उसना घेणं. तो मासा इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्यांकडून उसना आणावा लागतो. माझ्या पोह्यांना त्यांनी तो मान दिला.

३ मे, समुद्रापलीकडे

मरीन लायनर गाडीने सेतो ओहाशी ओलांडून शिकोकू बेटावरच्या ताकामात्सुला. एकामागून एक पुलांचा हा १३.१ किलोमीटरचा मार्ग, वर मोटारी, खाली रेल्वे. पोलादी खांबांमधून निळा समुद्र आणि हिरवी बेटं तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतात. १० एप्रिल १९८८ ला हा मार्ग उघडला तेव्हा ओतोसान प्राथमिक शाळेत होते. आधी इथे बोटी चालायच्या. १९५५ च्या मे महिन्यात धुक्यात दोन बोटींची टक्कर होऊन 'शिउन मारू' बुडाली. १६८ माणसं गेली, त्यात शंभर शाळकरी मुलं होती. सहलीला निघालेली. त्यानंतर पुलाच्या मागणीने जोर धरला आणि १९७८ मध्ये बांधकाम सुरू झालं. हे ऐकल्यावर मी उरलेला पूल संपेपर्यंत खिडकीबाहेर पाण्याकडेच बघत होते.

ताकामात्सुच्या रित्सुरिन बागेत पाइनची झाडं पिढ्यान्‌पिढ्या हाताने वळवलेली आहेत. बागेमागच्या डोंगराचं नाव शिउन. त्या बोटीचं नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी हेही लिहितात. हा डोंगरही शाक्केईच.

जेवायला उदोन. सानुकी उदोनसाठी लोक जपानभरातून इथे येतात, पण त्याचं सार छोट्या सुक्या माशांचं असतं. ओतोसाननी दुकानात जाऊन बराच वेळ बोलणं केलं आणि माझ्यासाठी किजोयु उदोन आणलं. नुसते उकडलेले जाड नूडल्स, वर साधा सोया सॉस, किसलेला मुळा आणि सुदाची नावाचं हिरवं लिंबू पिळून. त्याची चव अजून जिभेवर आहे. सार नसल्यामुळे त्या पिठाचा गोडवा आणि चिवटपणा कळला.

४ मे, कुराशिकी

फार गर्दी. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, वाकलेल्या विलो वृक्षांच्या फांद्या, ग्रीक देवळासारखं दिसणारं १९३० मधलं ओहारा कलासंग्रहालय. आत मोने या फ्रेंच चित्रकाराची पाणकमळं होती. पण मला जास्त धरून ठेवलं ते वेलींनी झाकलेल्या लाल विटांच्या इमारतीने. आता तिथे हॉटेल आहे, पूर्वी १८८९ मधली सूतगिरणी. त्या काळात जपानी गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस मोठ्या प्रमाणावर लागायचा, आणि १८९३ मध्ये त्यासाठी मुंबई-कोबे जहाजं सुरू झाली. माझे पणजोबा गिरणगावात साच्यावर कामाला होते. विटांच्या भिंतीला हात लावून मी त्यांच्यासाठी एक फोटो काढला.

५ मे

मुलांचा दिवस. घराबाहेर काठीवर कापडी कोई मासे वाऱ्याने फुगलेले. सकाळी काशिवामोची खाल्ली. तांदळाच्या पिठाची पारी, आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण आणि बाहेरून ओकचं पान. पातोळ्यांसारखं, फक्त पान हळदीचं नाही.

संध्याकाळी ओबाआसाननी मला न्हाणीघरात बोलावलं. आंघोळीच्या टबात गरम पाण्यावर लांब हिरव्या पानांची जुडी तरंगत होती. "शोबु," त्या म्हणाल्या. बागेतला तो फुलांचा हानाशोबु वेगळा, हा दुसरा. आजच्या दिवशी या पाण्यात बसलं की वर्षभर आजार येत नाहीत. जपानी रीतीने आधी बाहेर साबण लावून स्वच्छ धुऊन घेतलं, मग पाण्यात उतरले. पाहुणी म्हणून पहिला मान मला. उतरायच्या आधी त्यांनी एक पान माझ्या कपाळाभोवती पट्टीसारखं बांधलं. डोकं दुखत नाही आणि बुद्धी वाढते म्हणे.

वाफेबरोबर वास आला आणि मी तशीच बसून राहिले. हा वास मला माहीत होता. अगदी आतून माहीत होता, पण कुठला ते सापडेना. उग्र, मातीसारखा, थोडा गोडसर. आजीचं कपाट. गरम कपड्यांच्या घड्या. चुलतभावाच्या बारशाआधीचे दिवस, सहाणेवर उगाळलेली बाळगुटी. वेखंड!

बाहेर येऊन फोनवर शोधलं. शोबु आणि वेखंड, दोन्हींपुढे एकच शास्त्रीय नाव होतं, अकोरस कॅलॅमस. इथे पानं वापरतात, आपण मूळ.

ओकायामात रात्रीचे नऊ वाजले होते, पुण्यात साडेपाच. व्हिडिओ कॉल लावला. आजी चहा घेत होती. ओबाआसान माझ्या शेजारी येऊन बसल्या, केस अजून ओले, आणि ते पान त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. मी म्हटलं, "आजी, हे वेखंड आहे. यांनी मला वेखंडाची आंघोळ घातली." आजी काही बोलली नाही. कप खाली ठेवून उठली. पडद्यावर नुसती खुर्ची आणि खिडकी. डबे सरकवल्याचा आवाज येत होता. मग ती परत आली, खुर्चीत बसली आणि चष्मा वर करून, वाळलेल्या मुळाचा एक तपकिरी तुकडा तिने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला.

ओबाआसान पडद्याकडे झुकल्या आणि वास घ्यावा तशा श्वास आत ओढत म्हणाल्या, "ओनाजी देस ने."

सारखंच आहे ना.